विश्लेषण : दारू सोडवायची, तर समुपदेशन आधी कुणाचे?

समुद्रातील यांत्रिक मासेमारीला दरवर्षी साधारण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या कोळीवाड्यांत या काळात होड्या किनाऱ्यावर असतात आणि खलाशी घरी. ज्या घरात कुणी दारूच्या आहारी गेले आहे, तिथे हे दोन महिने कठीण जातात. पण उपचार सुरू करायलाही वर्षातला हाच सोयीचा काळ. ‘तो तयारच होत नाही, मग आम्ही काय करणार?’ हा घरच्यांचा प्रश्न असतो. समुपदेशनाच्या आजच्या पद्धती सांगतात, की तो तयार नसला तरी सुरुवात करता येते, आणि ती घरच्यांपासून.

व्यसन हा आजार का मानला जातो?

सतत पिण्याने मेंदूचे काम बदलते. पिण्याची अनावर ओढ लागते, किती प्यायची यावर ताबा राहत नाही, तेवढीच झिंग यायला जास्त दारू लागते आणि थांबवली तर त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटना याला आजार मानते. देशाच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही (२०१७) दारूशी निगडित मानसिक स्थितीचा समावेश मानसिक आजारात केला आहे.

तरीही उपचार फार थोड्यांपर्यंत पोहोचतात. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता.

समुपदेशनात नेमके काय होते?

‘दारू वाईट आहे’ हे पिणाऱ्याला ठाऊक असते. तेच पुन्हा ऐकवले की तो आपली बाजू मांडू लागतो आणि पिण्याची कारणे त्याच्याच तोंडून पक्की होतात. म्हणून प्रशिक्षित समुपदेशक भाषण देत नाही, प्रश्न विचारतो. दारूने तुम्हाला काय मिळते? काय गेले? पुढच्या हंगामात कुठे असावे असे वाटते? सोडण्याची कारणे त्या माणसाच्या तोंडून निघाली तर ती टिकतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते.

पुढचा टप्पा रोजच्या व्यवहाराचा. पिण्याची इच्छा कधी होते? मासळीचे पैसे हातात आल्यावर, ठरावीक मित्र भेटल्यावर, की रात्री झोप न आल्यावर? त्या प्रत्येक वेळी काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवले जाते.

त्यासाठी मोठा डॉक्टरच हवा का?

प्रत्येक वेळी नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन मिळाले. ते देणारे समाजातलेच, मानसोपचाराची पदवी नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले लोक होते. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते.

मात्र दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांसाठी हा प्रयोग नव्हता. शिवाय पत्नीवरील हिंसाचारात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे पिणाऱ्याशी बोलणे उपयोगी पडते, पण तेवढ्याने घर सावरत नाही. घरच्यांना वेगळा आधार लागतो.

तो तयारच नसेल तर?

अशा कुटुंबांना प्रशिक्षण देण्याची एक पद्धत अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने शिकलेल्या कुटुंबांपैकी ६४ टक्के कुटुंबांना आपला माणूस उपचारापर्यंत आणता आला. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते.

या पद्धतीतील मुख्य गोष्टी अशा:

• तो प्यायलेला असताना वाद घालू नका. बोलायचे ते सकाळी, शुद्धीत असताना, थोडक्यात.

• न प्यायलेल्या दिवसाची दखल घ्या. सोबत जेवा, गप्पा मारा. प्यायलेल्या दिवशी शांतपणे बाजूला व्हा.

• परिणाम झाकू नका. तो होडीवर गेला नाही, तर नाखवाला ‘ताप आलाय’ असे खोटे सांगू नका. गुत्त्यावरची उधारी तुम्ही फेडू नका.

• मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. तिथे समजुतीचे प्रयोग करू नयेत.

माया करणे आणि पाठीशी घालणे यांत फरक आहे. जेवण वाढणे ही माया. त्याने केलेले नुकसान दर वेळी भरून देणे हे पाठीशी घालणे. ‘तुझ्यामुळेच पितो’ हे वाक्य अनेक बायकांनी ऐकलेले असते. समुपदेशनाची पहिली पायरी बहुधा तेच ओझे उतरवण्याची असते.

एकदम सोडली तर चालते का?

अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणे, घाम, उलट्या, कधी फिट येणे; त्यानंतर भ्रम, नसलेली माणसे दिसणे असे प्रकार होऊ शकतात. म्हणून ‘आता होडीवर गेलो की सोडतो’ हा बेत धोक्याचा आहे. खोल समुद्रात डॉक्टर नसतो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत.

दुसरा धोका ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींचा. जेवणात गुपचूप औषध मिसळू नये. काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब झपाट्याने खाली येऊन जीव जाऊ शकतो. उपचाराच्या नावाखाली साखळीने बांधून ठेवण्यासही कायद्याने बंदी आहे.

बंदीचा काळ कसा वापरायचा?

निवासी उपचार साधारण महिनाभराचे असतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’चा कार्यक्रम पाच आठवड्यांचा आहे, तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही चालतो. जूनमध्ये उपचार सुरू झाले तर हंगाम उघडण्याआधी पाठपुराव्यालाही वेळ मिळतो.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्या खुला होतो, हातात उचल येते, जुने सोबती भेटतात. उचल बँक खात्यात जमा व्हावी, पहिल्या फेऱ्या न पिणाऱ्या खलाशांसोबत कराव्यात, हे नाखवाशी आधीच बोलून ठेवता येते. तरीही एखाद्या वेळी पाय घसरला, तर उपचार वाया गेले असे समजू नये. दोन दिवसांत पुन्हा समुपदेशकाकडे जाणे महत्त्वाचे.

मदत कुठे मिळेल?

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयापासून सुरुवात करता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. हिंसाचार होत असल्यास महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२.

‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या बैठका पिणाऱ्यांसाठी असतात, तर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘अल-अॅनॉन’च्या बैठका नातेवाइकांसाठी. त्याने सोडली नाही तरी पत्नीला, आईला, मुलांना तिथे जाता येते. त्याच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही.