फोन आपल्या हातात

वारणा खोऱ्यातले शेतकरी कारखान्याला ऊस घालत. वजन किती भरलं, बिल कधी निघणार, एवढं विचारायला वारणानगरला जावं लागे. दिवस मोडे. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या सुमारे सत्तर गावांत संगणक आले. वजन, बिल गावातच कळू लागलं. पण यंत्र दुसऱ्याच्या हातात. आपण विचारायचं, त्यानं बघून सांगायचं.

आता फोन आपल्याच खिशात आहे. तरी नातवाला हाक मारावी लागते. नातू म्हणतो, "आणा इकडं." काम होतं, शिकणं राहतं. सरकारने २०१७ साली गावोगाव डिजिटल साक्षरतेचे वर्ग काढले, ते साठ वर्षांपर्यंतच्या माणसांसाठी. मग साठीपुढच्यांनी काय करावं? पारावर चौघांनी मिळून शिकावं. बरोबरीच्या माणसाला तीनदा विचारायला लाज वाटत नाही.

पहिला धडा पिनचा. पिन म्हणजे खात्याची किल्ली. फोनवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असं कोणी म्हणालं, तर तो ठग समजा. पैसे गेलेच, तर सकाळची वाट बघू नका. लगेच १९३० नंबर लावा.