सवलत आणि माफी यांतील अंतर

मार्च महिना म्हणजे पेढीच्या वर्षाचा शेवट. येणे वसूल करणे, साठा मोजणे, बँकेचे व्याज भरणे आणि नव्या वहीत शिल्लक ओढणे यांची लगबग त्या वेळी चालू असते. २०२० साली नेमकी याच धामधुमीत, २५ मार्चपासून, देशभर टाळेबंदी लागू झाली. दुकाने बंद झाली. भाडे, पगार, व्याज आणि कर मात्र थांबले नाहीत. त्यानंतरच्या दोन वर्षांत शासनाने व रिझर्व्ह बँकेने अनेक सवलती दिल्या. त्या सवलतींचा हिशेब आज शांतपणे मांडला, तर पुढील कोणत्याही संकटासाठी तो उपयोगी ठरेल.

हप्त्यांची स्थगिती

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी मुदत कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्यास बँकांना परवानगी दिली. मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. एक उदाहरण घ्यावे. १० लाख रुपयांचे कर्ज, व्याज दहा टक्के आणि ६० हप्ते शिल्लक, म्हणजे हप्ता सुमारे २१,२५० रुपये. सहा महिने काहीच न भरल्यास सुमारे ५१ हजार रुपये व्याज मुद्दलात मिळते. हप्त्याची रक्कम तीच ठेवली, तर ६० ऐवजी ६४ हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांच्या विश्रांतीची किंमत अशा प्रकारे ८५ हजारांच्या घरात जाते.

व्याजावरील व्याज परत मिळाले, हे खरे. प्रथम शासनाने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना आणि पुढे २३ मार्च २०२१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सर्वच कर्जदारांना तो दिलासा दिला. परंतु वरील उदाहरणात ती रक्कम हजार रुपयांच्या आसपासच भरते. तात्पर्य असे की, ज्याच्या हाती खरोखर रोकड नव्हती त्याच्यासाठी स्थगिती हा आधार होता. ज्याच्या गल्ल्यात पैसा होता त्याने हप्ता भरणेच शहाणपणाचे होते.

हमीचे कर्ज

मे २०२० मध्ये ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना आली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जितके कर्ज येणे होते, त्याच्या वीस टक्के जादा रक्कम नव्या तारणाशिवाय मिळू लागली. मुदत चार वर्षांची; त्यात पहिले वर्ष केवळ व्याजाचे; बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के. ज्यांचे ४० लाखांचे कर्ज होते, त्यांना ८ लाख मिळाले. या रकमेने पुरवठादारांची देणी भागवून माल फिरता ठेवणे हा तिचा योग्य उपयोग होता. शासनाची हमी बँकेला होती, कर्जदाराला नव्हे. परतफेडीची जबाबदारी पूर्णपणे पेढीचीच राहिली.

घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली, परंतु केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत देण्याच्या कायदेशीर तरतुदीचे संरक्षण त्या नोंदणीने व्यापाऱ्यास दिले नाही. उधारीची वसुली त्याला स्वतःच्या करारावर व पाठपुराव्यावरच अवलंबून ठेवावी लागली.

दानाचा हिशेब

टाळेबंदीत अनेक व्यापाऱ्यांनी दुकानातील धान्य, मुखपट्ट्या व औषधे मोफत वाटली. ही सेवा वंदनीयच. परंतु वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार भेट दिलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निकामी ठरवलेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. तसेच प्राप्तिकरातील ८०-जी ची वजावट पैशांच्या दानाला होती, वस्तूंच्या दानाला नव्हती. दोन हजारांपेक्षा अधिक रोख देणगीलाही ती मिळत नव्हती. २०२०-२१ पासून पर्याय म्हणून आलेली नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्या व्यक्तीस तर ही वजावटच उपलब्ध नव्हती.

विश्वस्त संस्थांपुढील प्रश्न अधिक नाजूक होते. शिक्षणाच्या उद्देशाने स्थापन झालेल्या संस्थेने अन्नछत्र चालवण्यापूर्वी न्यासपत्रातील उद्दिष्टे तपासणे, ठराव करणे आणि तो कार्यवृत्तात नोंदवणे आवश्यक होते. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्च करण्याचा नियम संकटातही कायम होता. ते अशक्य असल्यास ठराविक मुदतीत अर्ज करून रक्कम पुढे नेता येत असे. २०२१-२२ पासून मूळ निधीतून केलेला खर्च त्या वर्षीचा खर्च म्हणून धरला जाईनासा झाला. तो निधी पुन्हा भरला की मगच त्याचा लाभ मिळू लागला. नोंदणीही नव्याने, पाच वर्षांच्या मुदतीने घ्यावी लागली आणि देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत भरणे ८०-जी मान्यताप्राप्त संस्थांना बंधनकारक झाले. दानपेटीतील गुप्तदान पूर्णतः धार्मिक संस्थेला करमुक्त होते. केवळ धर्मादाय संस्थेला मात्र एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांपैकी जे अधिक असेल त्यापलीकडील निनावी रकमेवर तीस टक्के कर होता.

कर्ता गेल्यावर

२०२१ च्या दुसऱ्या लाटेने अनेक घरांतील कर्ते पुरुष हिरावून नेले. कोणाकडून किती येणे, कोणती ठेव कोणत्या बँकेत, संगणकाचा परवलीचा शब्द काय, हे त्या एकाच व्यक्तीला ठाऊक असेल, तर शोकातील कुटुंबाला दुकानाचे कुलूप उघडूनही व्यवसाय उघडता येत नाही. एकट्याच्या मालकीची पेढी असल्यास वारसाला वस्तू व सेवा कराची नवी नोंदणी घ्यावी लागते आणि शिल्लक कर-वजावट विहित अर्जाने स्वतःच्या नावे वळवावी लागते. भागीदारी पेढी तर, करारात वेगळी तरतूद नसल्यास, भागीदाराच्या निधनाने कायद्यानेच विसर्जित होते. दोघांचीच भागीदारी असेल, तर करारात वारसाला भागीदार करून घेण्याची स्पष्ट सोय हवी.

म्हणून प्रत्येक पेढीने चार गोष्टी आजच कराव्यात. किमान सहा महिन्यांचे भाडे, पगार व व्याज भागेल इतकी रोकडसुलभ ठेव बाजूला ठेवावी. भागीदारीचा करार काढून वारसाविषयीचे कलम वाचावे. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन आहे का, ते पाहावे. आणि घरातील आणखी एका व्यक्तीला, मग ती पत्नी असो, सून असो वा मुलगी, महिन्यातून एकदा खतावणीसमोर बसवून येणे-देणे समजावून सांगावे. यांपैकी एकाही कामासाठी शासनाच्या सवलतीची वाट पाहावी लागत नाही.