ऑनलाइन लिलावात डिझायनर दागिना घेताय? बोली लावण्याआधी एवढं तपासा

रात्री नऊ-साडेनऊला इन्स्टाग्रामवर लाइव्ह सुरू होतं. मागे मखमली पडदा, हातात पोल्कीचा हार आणि वर घोषणा, "शेवटचा पीस आहे, बोली बारा हजारांपासून!" असाच हार अमरावतीच्या सराफ्यात विचारला तर आकडा लाखांत जातो. मग अकोल्यात घरी बसून लाइव्ह बघणाऱ्याचं बोट आपसूक कमेंटकडे वळतं.

स्वस्त सोन्याचं आमिष वऱ्हाडाला नवं नाही. खोदकामात सापडलेल्या गिन्न्या म्हणून पितळ गळ्यात मारणारे इथे पूर्वीपासून आहेत. पण ते निदान पहिली गिन्नी खरी देऊन सोनाराकडे तपासून आणायला तरी सांगायचे. लाइव्ह लिलावात तेवढीही सवड मिळत नाही. वेळ संपत असते, कुणीतरी बोली वाढवत असतं, आणि तो 'कुणीतरी' विक्रेत्याचंच दुसरं अकाउंट आहे का, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून जे तपासायचं ते बोलीच्या आधी.

सुरुवात हॉलमार्कपासून. २३ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. ज्या जिल्ह्यात निदान एक तपासणी केंद्र आहे, तेच तेव्हा निवडले होते. अकोला आणि अमरावती त्या पहिल्या यादीतच होते. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर तीन खुणा लागतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेट म्हणजे ९१६) आणि अंक-अक्षरांचा सहा जागांचा एचयूआयडी. नुसतं '९१६' किंवा 'केडीएम' कोरलेलं असेल तर तो हॉलमार्क नव्हे.

विक्रेत्याकडून या खुणांचा जवळून काढलेला फोटो मागवा आणि एचयूआयडी 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. इथे एक मेख आहे. खऱ्या दागिन्याचा नंबर खोट्यावर कोरता येतो. त्यामुळे 'नंबर सापडला' एवढ्यावर थांबू नका. ॲप अंगठी म्हणतंय आणि व्हिडिओत हार दिसतोय, तर तिथेच विषय संपला.

डिझायनर दागिन्यात खरी गोची पुढे आहे. कुंदन, पोल्की आणि जडाऊ यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. म्हणजे "याला हॉलमार्क लागत नाही" हे विक्रेत्याचं वाक्य खरं असतं, आणि म्हणूनच ते फसवायला सोयीचं पडतं. अशा दागिन्यात आत लाख भरलेली असते, वर खडे असतात, त्यामुळे एकूण वजनाला फारसा अर्थ नाही. सोन्याचं निव्वळ वजन किती, किती कॅरेटचं, खडे हिऱ्याचे की काचेचे, हे बिलावर लिहून देणार का, एवढंच विचारा. हिऱ्याचं प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावरचा रिपोर्ट नंबर आयजीआय किंवा जीआयएच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर तो दागिना इमिटेशन समजायचा आणि बोलीही तेवढीच लावायची.

मोठ्या ब्रँडचं नाव असेल तर आणखी सावध. 'इन्स्पायर्ड', 'फर्स्ट कॉपी' या शब्दांचा अर्थ सरळ आहे: नक्कल. आणि लिलाव भरवणारा प्लॅटफॉर्म जबाबदारी घेईल, असंही धरून चालू नका. टिफनी या अमेरिकन कंपनीने आपल्या नावाचे बनावट दागिने विकले जातात म्हणून ईबेला कोर्टात खेचलं होतं. २००८ मध्ये निकाल ईबेच्या बाजूने लागला. ब्रँडवर लक्ष ठेवणं हे मुख्यतः ब्रँडचंच काम, असं तिथल्या कोर्टाने म्हटलं. आपल्याकडे इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिलावात तर पैसे थेट विक्रेत्याच्या यूपीआयवर जातात. मध्ये पैसे अडवून धरणारं कुणीच नसतं.

म्हणून विक्रेत्याचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर शोधा, ते फुकट आहे. महाराष्ट्रातली नोंदणी २७ ने सुरू होते. "आमची पेढी झवेरी बाजारात" म्हणणाऱ्याचा नंबर ०८ ने, म्हणजे राजस्थानच्या कोडने, सुरू होत असेल तर खुलासा मागायलाच हवा. पैसे कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर टाकायला सांगितले, तरीही थांबा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी ते पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. दागिना हातात आला पण शंका आहे, तर हॉलमार्किंग केंद्रात थोड्या शुल्कात तपासून मिळतो. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो.

विक्रेता जयपूरचा असो की सुरतचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फक्त तक्रारीत समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो, नुसतं इन्स्टाग्रामचं हँडल तिथे कामाचं नाही.