गोव्याच्या बाटलीत आयलाचा धूर

शनिवारी रात्री भिवंडीतल्या कामतघरच्या गच्चीवर, खाली यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना, पॉल जॉनची 'बोल्ड' उघडली. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी सिंगल माल्ट व्हिस्की, 46 टक्के अल्कोहोल. जव भारतीय, सहा-रांगी. ते वाळवताना जाळलेलं पीट मात्र स्कॉटलंडच्या आयला बेटावरचं.

पीट म्हणजे हजारो वर्षं दलदलीत साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ नि गवत. खणायचं, वाळवायचं, जाळायचं. मोड आलेले जव ओलसर असतानाच त्या धुरातली फिनॉल्स नावाची रसायनं त्यांच्या सालीला चिकटतात.

ग्लास नाकाशी नेला तर आधी भरताच्या वांग्याची करपलेली साल, मग मध. घोटात काळी मिरी आणि भाजलेलं सुकं खोबरं. चार थेंब पाणी घातलं, तसा धूर मागे सरकून गोडवा पुढे आला. थेंब म्हणतोय हं! सोडा ओतणाऱ्यांनी सरळ रम घ्यावी. मित्र म्हणाला, "अरे, हे तर डेटॉल!" चुकला नाही, आयलाच्या लॅफ्रॉएग व्हिस्कीबद्दल लोक हेच म्हणतात, आणि तो वासही फिनॉल्सचाच. इथे ते दवाखान्याचं अंग बेताचं आहे.

गोव्याच्या उष्म्यात पिंपातून वर्षाला सुमारे 8 टक्के दारू उडून जाते, स्कॉटलंडात जेमतेम 2. त्याच उष्म्यामुळे ही लहान वयातच पिकते. आयलाच्याच लागाव्हुलिन 16 ची खोली मात्र हिच्यात नाही. माझे 10 पैकी 8.

सकाळी रिकाम्या ग्लासाला चुलीतल्या राखेचा वास तसाच होता. आईने तो दोनदा विसळला.