हृदयरुग्णाचे पुनर्वसन : आता घरबसल्या

आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, आठवडाभरात ते घरी आले. पण पुढे दोन महिने ते खुर्चीतून उठेनात. जिना पाहिला तरी हात छातीवर जाई. घरचेही त्यांना पाण्याची घागर सोडाच, तांब्याही उचलू देत नसत. रक्तवाहिनी मोकळी झाली, भीती मात्र तशीच राहिली. हे पाहून आम्ही या विषयाची माहिती मिळविली. ती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

पूर्वी झटक्यानंतर कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहणे हाच उपचार समजला जाई. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. सॅम्युएल लेव्हाइन व डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवावे, असे मांडले. हळूहळू मत पालटले. आज बेताबेताने वाढविलेला व्यायाम, योग्य आहार, नियमित औषधे, तंबाखूचा त्याग आणि मनाला धीर, या सर्वांना मिळून हृदय-पुनर्वसन म्हणतात. असा कार्यक्रम बहुधा बारा आठवड्यांचा असतो.

अडचण अशी, की अशी केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. आठवड्यातून दोनदा जायचे म्हणजे भाडे गेले आणि रोजही बुडाला. म्हणूनच ऑनलाइन कार्यक्रमांचे महत्त्व. २०२० साली कोरोनामुळे अनेक केंद्रे बंद पडली, तेव्हा या पद्धतीला वेग आला. त्याच वर्षी २५ मार्च रोजी भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर झाली.

याची रीत साधी आहे. प्रथम रुग्णालयात तपासणी होते व डॉक्टर श्रमाची मर्यादा ठरवितात. ही पायरी कदापि गाळू नये. मग प्रशिक्षक मोबाईलवरून व्यायाम करवून घेतात. नाडी व रक्तदाबाची नोंद त्यांना कळवावयाची असते. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हे मध्यम श्रमाचे सोपे माप. छातीत दुखले, दम लागला किंवा घाम फुटला तर तत्काळ थांबावे व १०८ क्रमांकास कळवावे.

फारसा धोका नसलेल्या रुग्णांना घरच्या कार्यक्रमाचा लाभ केंद्राइतकाच होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू निश्चितपणे घटले असे सिद्ध झाले नाही. परंतु रुग्णांना प्रकृती अधिक बरी वाटली व ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले.

विद्यार्थीमित्रांना एकच विनंती. वडीलधाऱ्यांच्या हाती नुसता मोबाईल देऊ नका, शेजारी बसा. कार्यक्रमामागे कोणते डॉक्टर आहेत, हे आधी विचारा. आमच्या सहकाऱ्यांची कन्या रोज सकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसली. आज ते शाखेचा जिना स्वतः चढून येतात.