खापरावरचे नाव

समाजाने एखाद्याला वाळीत टाकले, की त्या कृत्याला इंग्रजीत ‘ऑस्ट्रॅसिझम’ म्हणतात. शब्द मोठा भारदस्त. पण त्याचा जन्म फुटक्या मडक्यातून झाला आहे. ग्रीक भाषेत ‘ओस्ट्राकॉन’ म्हणजे खापर. शिंपलाही त्याच शब्दाने ओळखला जाई, आणि हाडाचा वाचक ‘ओस्टिऑन’ हा त्याचा सगोत्र मानला जातो. हा ‘ओस्टिऑन’ संस्कृत ‘अस्थि’चा भाऊबंद, तेव्हा नाते अगदीच परके नव्हे.

खापराचा हद्दपारीशी संबंध जुळला तो अथेन्समध्ये. पपायरस महाग, फुटकी मडकी मात्र घरोघर. इ. स. पूर्व पाचव्या शतकात, वर्षातून फार तर एकदा, नागरिक चौकात जमत आणि जो पुढारी डोईजड होईलसा वाटे त्याचे नाव खापरावर कोरून टाकीत. प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे एकूण खापरे ६,००० हून कमी भरली तर सारेच रद्द होई. एरवी ज्याचे नाव सर्वांत अधिक, त्याने दहा वर्षांसाठी नगर सोडायचे.

यात ना आरोप असे, ना बचाव. तथापि त्या माणसाची मालमत्ता जप्त होत नसे, नागरिकत्वही जात नसे. मुदत संपताच तो मानाने परते. ज्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा संमत केला, त्यात कुटुंब गावातच राहते आणि पाणवठा, पंगत, सोयरीक तेवढी तुटते. अथेन्सचा रोख बलवंतावर होता, येथे दुर्बळ भरडला जातो. एकाच इंग्रजी शब्दाने दोन्ही सांगू गेले, की हा भेद बुजून जातो.

अर्थात अथेन्सचे मतदानही निर्मळ नव्हते. अॅरिस्टायडीझ हा न्यायी म्हणून गाजलेला पुरुष इ. स. पूर्व ४८२ मध्ये हद्दपार झाला. प्लुटार्क अशी आख्यायिका सांगतो, की एका निरक्षर खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हातून त्याचे नाव लिहून घेतले. कारण एवढेच, की ‘न्यायी, न्यायी’ हे ऐकून तो कंटाळला होता! अॅरिस्टायडीझने मुकाट्याने लिहून दिले म्हणतात. कथा खरी असो वा नसो, दुसऱ्याच्या हातची खापरे मात्र खरी आहेत. १९३७ मध्ये अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत सुमारे १९० खापरे सापडली. जवळजवळ सर्वांवर नाव थेमिस्टोक्लीझचे, आणि अक्षर अवघ्या चौदाएक हातांचे. विरोधकांनी ती वाटण्यासाठी आधीच लिहून ठेवली असावीत.

पुढे इ. स. पूर्व ४१७ च्या सुमारास दोन बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांच्या अनुयायांनी संगनमत केले आणि खापर तिसऱ्याच्याच, हायपरबोलस नावाच्या पुढाऱ्याच्या माथी फोडले. त्यानंतर ही प्रथा अथेन्सने पुन्हा वापरली नाही.