एका जुन्या ‘जनता’ची प्रतिकृती : सुटे भाग शोधता शोधता शिकलेलं संशोधन



पीएच.डी.च्या मुलाखतीत एक साधा प्रश्न हमखास येतो : “तुमचं मटेरियल कुठून आणणार?” आपण मेथडॉलॉजी घोकून गेलेलो असतो, त्यामुळे या प्रश्नाला “मार्केटमध्ये मिळतं, सर” असं उत्तर देऊन मोकळे होतो. मीही तेच दिलं होतं. या प्रश्नात केवढं काय दडलंय ते मला लॅबमध्ये कळलंच नाही. कळलं ते एका घड्याळामुळे.

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या मनगटावर वर्षानुवर्षं एचएमटीचं ‘जनता’ होतं. घर बदलताना ते कुठेतरी हरवलं. आजीकडे उरला फक्त एक कृष्णधवल फोटो. मी ठरवलं, तसंच घड्याळ जमवून आजीला द्यायचं. हरवलेलं परत मिळणार नव्हतं, पण सुटे भाग गोळा करून त्याची प्रतिकृती तर करता येईल.

थोडी पार्श्वभूमी. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना सुरू केला. ‘जनता’ हे त्यातलं हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेल्सचं साधं घड्याळ. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे कारखान्यातून नवा भाग येणं बंद. आता जे मिळतं ते जुन्या घड्याळांतून काढलेलं, दुकानदारांकडे पडून राहिलेलं किंवा दुसऱ्या कुणीतरी नव्याने बनवलेलं.

पहिला प्रयत्न : फसलेला

पहिल्यांदा मी सरळ ऑनलाइन तयार घड्याळ मागवलं. ‘ओरिजिनल, पूर्ण सर्व्हिस केलेलं’ असं लिहिलं होतं. डायल चकचकीत. आजीला दिलं, ती खूश. आठवड्याभरात ते रोज सात-आठ मिनिटं मागे पडायला लागलं.

आमच्या पेठेतल्या घड्याळजी काकांनी मागचं झाकण उघडलं, डायल काढली आणि नुसते हसले. डायलच्या मागे दोन बारीक खुंट्या असतात, त्या मशीनच्या भोकांत बसतात. इथे त्या कापून डायल चक्क डिंकाने चिकटवली होती. मशीन दुसऱ्याच घड्याळाचं. नंतर मी डायल लॅबच्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरली, तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि नव्या रंगाखालून जुना रंग डोकावत होता. जुन्या डायलवर नवी छपाई केलेल्या अशा जोडतोड घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं गाजावं याचं वाईट वाटलं, पण चूक माझीही होती. मी काय विकत घेतोय हे तपासायचं कसं, हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मात्र पद्धतशीर सुरुवात केली. पायऱ्या अशा :

१. आधी पुरावा, मग खरेदी

माझ्याकडे पुरावा काय? एक फोटो आणि दोघींच्या आठवणी. फोटोवरून तासांच्या खुणा लांबट आहेत, काटे सरळ आहेत आणि सेकंदकाटा मधोमध आहे एवढं कळत होतं. रंग कळणं शक्य नव्हतं. आजी म्हणाली डायल पांढरी होती, आत्या म्हणाली पिवळसर. आधी वाटलं, दोघींपैकी एकीची आठवण चुकतेय. मग लक्षात आलं की डायलवरचं लॅकर जुनं होताना पिवळं पडतं. आजीला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतलं घड्याळ आठवतंय, आत्याला तिच्या कॉलेजच्या दिवसांतलं. दोन निरीक्षणं विसंगत दिसली, तर आधी ती कोणत्या काळातली आहेत ते विचारायचं. लिटरेचर रिव्ह्यू करतानाही हे कामाला येतं.

२. सुरुवात मशीनपासून

नवशिका डायलपासून सुरुवात करतो, कारण डोळ्यांना तीच दिसते. खरं तर सुरुवात मशीनपासून करायची, कारण बाकीची सगळी मापं मशीन ठरवतं :

- डायलच्या खुंट्या कुठे हव्यात
- तास, मिनिट आणि सेकंद काट्यांच्या भोकांचा व्यास किती
- चावीची दांडी किती जाड आणि किती उंचीवर
- केसच्या आत किती जागा हवी

काट्यांचं उदाहरण घ्या. आज सर्रास मिळणाऱ्या ‘ईटीए २८२४’ या स्विस मशीनला तास, मिनिट, सेकंद काट्यांची भोकं अनुक्रमे १.५०, ०.९० आणि ०.२५ मिमी लागतात. दुसऱ्या मशीनचा काटा दिसायला हुबेहूब असेल, पण भोक पाच शतांश मिमीने मोठं असेल तर तो सैल बसतो आणि घसरतो. म्हणून ‘जनताचे काटे आहेत का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. मशीनवर कोरलेला क्रमांक बघायचा आणि ‘या क्रमांकाच्या मशीनचे काटे आहेत का?’ असं विचारायचं.

३. जुनं काय हवं, नवं काय हवं

सगळंच ओरिजिनल हवं हा हट्ट चुकीचा आहे. मी तीन गट केले :

*जुनंच हवं* : डायल, काटे, केस, मशीन. घड्याळाची ओळख यांच्यात आहे.

*नवंच हवं* : मुख्य कमान, तेल, काच, पट्टा. जुनी कमान थकलेली असते, जुनं तेल चिकट होतं. कमान घेताना रुंदी, जाडी आणि लांबी ही तीनही मापं जुळायला हवीत. जास्त जाड कमान म्हणजे जास्त ताकद, असं वाटतं. पण तिच्याने बॅलन्स गरजेपेक्षा जास्त झोके घेतो आणि घड्याळ पुढे पळतं.

*घ्यायचंच नाही* : ‘जनता’चं नाव नव्याने छापलेली डायल. ते नाव कंपनीचं आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ बाजूला ठेवला तरी अशी डायल पुढच्या माणसाला फसवते. प्रतिकृती आणि बनावट वस्तू यांत फरक भागांचा नाही, आपण त्यांच्याबद्दल काय सांगतो याचा आहे.

एक इशारा. फार जुन्या घड्याळांच्या चमकणाऱ्या काट्यांत रेडियम असू शकतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षं. काटा आता अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं नाही. त्याच्यासोबतचं झिंक सल्फाइड निकामी झालेलं असतं. असा काटा खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

४. विकणाऱ्याला काय विचारायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरलो, मुंबईच्या चोर बाजारातही जाऊन आलो. वस्तू हातात घेता आली की निम्मं काम होतं. ऑनलाइन घेताना चार फोटो मागायचे : डायलची मागची बाजू खुंट्यांसकट, मशीनवरचा क्रमांक, मागच्या झाकणाची आतली बाजू, आणि डायलवरच्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं ते उत्तरच समजायचं.

शेवटी मी दोन बंद पडलेली घड्याळं घेतली. एकाची डायल आणि केस बरी होती, दुसऱ्याचं मशीन. सुटे भाग एकेक करून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडलं. शिवाय एकाच क्रमांकाची दोन मशीन शेजारी ठेवली की कोणता भाग बदललेला आहे ते लगेच कळतं. प्रयोगात कंट्रोल लागतो तो यासाठीच.

५. आल्यावर मोजणं

डिजिटल व्हर्नियर ०.०१ मिमीपर्यंत आकडा दाखवतो, पण साध्या व्हर्नियरची चूक ०.०२ मिमी किंवा जास्त असू शकते. दिसणारा शेवटचा अंक आणि खात्रीचा शेवटचा अंक वेगळे असतात. म्हणून प्रत्येक माप पाच वेळा घेतलं.

घड्याळ जुळल्यावर टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून गती मोजणारं यंत्र. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं : सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,०००. दिवसाला ३० सेकंदांची चूक म्हणजे फक्त ०.०३५ टक्के! बॅलन्सचा झोका किती अंशांचा आहे हेही यंत्र सांगतं, पण त्यासाठी त्याला ‘लिफ्ट अँगल’ द्यावा लागतो. बरीच यंत्रं गुपचूप ५२ अंश धरून चालतात. तुमच्या मशीनचा कोन वेगळा असेल तर झोक्याचा आकडा चुकतो, आणि स्क्रीनवर मात्र तो अगदी आत्मविश्वासाने झळकत असतो. यंत्राने काय गृहीत धरलंय हे न पाहता रीडिंग लिहून घेऊ नका.

६. कागदावर नसलेलं ज्ञान

नवी कमान बसवताना माझ्या हातून दोनदा उसळून बाहेर आली. काकांनी एकदा करून दाखवलं, शब्दात मात्र सांगता आलं नाही त्यांना. विज्ञानाच्या इतिहासातही असंच घडलंय. १९९० च्या दशकात ओटो सिबुम या इतिहासकाराने ज्यूलचा पाणी घुसळून उष्णता मोजायचा प्रयोग पुन्हा उभा केला. नुसता पेपर वाचून तो जमेना. ज्यूल बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. तापमान बारकाईने सांभाळायची सवय त्या धंद्यातून आलेली, आणि ती पेपरमध्ये लिहिलेली नव्हती. तेव्हा लॅब असिस्टंटशी, टेक्निशियनशी मैत्री करा. खूप गोष्टी त्यांच्या हातात असतात.

तयार झाल्यावर

सगळं मिळून पाच महिने लागले. घड्याळ आता दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं. ‘जनता’साठी हे झकास आहे.

आजीने ते हातात घेतलं, कानाला लावलं आणि विचारलं, “हे त्यांचंच का रे?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, “नाही आजी. डायल आणि केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचं. काच, कमान, पट्टा नवीन.” आणि डबीत ठेवलेला कागद दाखवला : कोणता भाग, कुठून, कोणत्या तारखेला, जुना की नवा. तिने चष्मा लावून तो सगळा वाचला.

“त्यांनाही सगळं असं लिहून ठेवायची सवय होती,” ती म्हणाली, आणि कागद घडी करून घड्याळाबरोबर कपाटात ठेवला. ते पहिलं चकचकीत घड्याळ अजून तिच्या खालच्या कप्प्यात पडून आहे. त्याच्यासोबत कागद नाही.